पूर्व जर्मनीचं ९९ टक्के मतदान

‘पूर्व जर्मनीत ९९ टक्के लोक मतदान करायचे, संसदेत पाच पक्ष होते, एक तृतीयांश महिला होत्या. मग खरी लोकशाही कुणाची?’ असा मजकूर निवडणुका आल्या की फिरू लागतो. त्यातले आकडे सरकारदरबारी नोंदलेलेच आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि ज्यांनी १९९० पूर्वीची तिथली कम्युनिस्ट राजवट सोसली त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

आधी ते ९९ टक्के. १९८६ मध्ये फोल्क्सकामर या तिथल्या संसदेसाठी ९९.७४ टक्के मतदान जाहीर झालं आणि त्यातली ९९.९४ टक्के मतं सगळ्या पक्षांच्या एकाच संयुक्त यादीला मिळाली. दुसरी यादी नव्हतीच. मतदाराच्या हाती नावांचा छापील कागद यायचा. यादी मान्य असेल तर काहीच लिहायचं नाही, घडी घालून पेटीत टाकायचा. विरोध नोंदवायचा तर नावं खोडायची, आणि ती गुपचूप खोडायला आडोशामागे जायचं. सगळे सरळ पेटीकडे जात असताना तिकडे वळणारा माणूस लगेच नजरेत भरायचा. आपल्याकडे प्रत्येकालाच आडोशामागे जावं लागतं, म्हणून कुणावर संशय येत नाही. गुप्त मतदानाचा सगळा जीव एवढ्याशा नियमात आहे! जे मतदानाला येत नसत त्यांच्या दारावर कार्यकर्ते थाप मारत, घरोघरी फिरती पेटीही नेली जाई.

पाच पक्ष होते, हे खरं. पण ५०० पैकी एसईडी या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला १२७ आणि इतर चौघांना प्रत्येकी ५२ जागा आधीच ठरलेल्या असत. उरलेल्या कामगार, युवक, महिला अशा संघटनांना मिळत आणि तिथेही बहुतेक एसईडीचेच सदस्य बसत. मतमोजणीने एकही जागा इकडची तिकडे होत नसे. १९८९ च्या उठावापर्यंत त्या सभागृहात एकमत मोडलं ते एकदाच, मार्च १९७२ मध्ये, गर्भपाताच्या कायद्यावर. तेव्हा विरोधात १४ मतं पडली.

‘लोक समाधानी होते म्हणून यादीला मत देत’ या दाव्याचं उत्तर तिथल्याच नागरिकांनी दिलं. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत ते मोजणीच्या वेळी केंद्रांवर हजर राहिले, विरोधी मतं टिपून घेतली आणि बेरजा केल्या. निवडणूक आयोगाचे प्रमुख एगॉन क्रेन्झ यांनी ९८.८५ टक्के पाठिंबा जाहीर केला, तेव्हा तो नागरिकांच्या बेरजांशी जुळेना आणि सरकारची लबाडी उघडी पडली. पुढे दर महिन्याच्या ७ तारखेला बर्लिनमध्ये त्याविरुद्ध निदर्शनं झाली. धरपकड होईल हे माहीत असूनही माणसं गेली. मार्च १९९० मध्ये पहिली मुक्त निवडणूक झाली. कुणीही दार न ठोठावता ९३ टक्के लोक आले, आणि एसईडीच्या वारसदार पक्षाला १६.४ टक्के मतं मिळाली.

महिलांच्या संख्येपुढे आपली मान खाली जायलाच हवी. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. पण पूर्व जर्मनीतले निर्णय फोल्क्सकामर घेत नव्हती, ते एसईडीच्या पॉलिटब्यूरोत, म्हणजे पक्षाच्या मोजक्या बड्या नेत्यांच्या समितीत होत. तिथे मताचा अधिकार असलेली पूर्ण सदस्य म्हणून एकाही महिलेला कधी बसू दिलं नाही.