काकस्नान, मुक्काम डेव्हन

इंग्लंडच्या खेड्यात बालपण गेलं असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिरवी कुरणं, मेंढ्या आणि दारावर गुलाबाची वेल चढलेलं दगडी घर येतं. ते सगळं होतं. मेंढ्या तर जरा जास्तच होत्या. पण मला ते गाव म्हटलं की पहिल्यांदा आठवतं आमचं न्हाणीघर, आणि अजून अंगावर काटा येतो.

बाबा १९७३ साली उत्तर डेव्हनमधल्या एका गावात डॉक्टर म्हणून रुजू झाले. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत तेव्हा भारतातून आलेले डॉक्टर पुष्कळ होते, आणि जिथे गोऱ्या डॉक्टरांना जायचं नसे तिथे ते आनंदाने जात. आनंद बाबांचा. आई सोलापूरची. चाळीस अंशांत वाढलेल्या बाईला त्यांनी एक्झमूरच्या उघड्या माळरानावरच्या वाऱ्यात आणून उभी केली.

घर शंभर वर्षांपूर्वीचं, आणि बहुतेक तेव्हापासून गार पडलेलं. थंडीत सकाळी खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी असे. गरम पाण्याची तांब्याची टाकी जिन्याजवळच्या कपाटात होती आणि तिला जाड लाल जाकीट घातलेलं होतं. त्या घरात ऋतुमानाप्रमाणे कपडे घातलेली ती एकटीच.

आणि न्हाणीघरात चक्क गालिचा! भिंतीपासून भिंतीपर्यंत. ज्या खोलीत पाणी सांडणं हाच मुख्य कार्यक्रम, तिथे गालिचा घालणाऱ्या माणसांनी जगावर राज्य कसं केलं हा प्रश्न आईने पहिल्याच दिवशी विचारला. मोरी नव्हती. बसायला पाट ठेवावा तर जागा नव्हती. ओल्या हाताने शॉक बसू नये म्हणून भिंतीवर दिव्याचं बटणही नव्हतं. छतातून लोंबणारी दोरी ओढायची. पण ज्यांनी एवढी काळजी घेतली त्यांनीच नळ मात्र दोन दिले होते, एकमेकांपासून हातभर लांब. डावीकडून उकळतं, उजवीकडून बर्फ. गरम पाणी घरातल्या टाकीचं, गार पाणी गावच्या पाइपाचं, आणि टाकीतलं पाणी उलटं गावच्या पाण्यात जाऊ नये म्हणून दोघांची भेट होऊ द्यायची नाही, असं बाबांनी समजावलं. ती भेट शेवटी आमच्या पाठीवर व्हायची.

गावातली पोरं आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी आंघोळ करत. टब भरला की आधी बाप, मग आई, मग मुलं वयाच्या क्रमाने, सगळी त्याच पाण्यात. माझा एक वर्गमित्र चार भावंडांत धाकटा होता. सोमवारी तो शनिवारपेक्षा काळपट दिसे. त्याने ही पद्धत मला अभिमानाने सांगितली, मी भाबडेपणाने घरी सांगितली, आणि तेव्हापासून तो आमच्याकडे खेळायला आला की आई त्याला दारातच हात धुवायला लावू लागली.

आमच्याकडे रोज आंघोळ. पारोशाने चहासुद्धा नाही. पद्धत अशी: रिकाम्या टबात बादली ठेवायची, दोन्ही नळांचं पाणी त्यात एक करायचं, आणि टबात उभं राहून, गालिच्यावर थेंबही न उडवता, तांब्याने अंगावर घ्यायचं. पहिला तांब्या आणि दुसरा तांब्या यांच्या मधला जो क्षण असतो, त्यात ओलं अंग आणि डेव्हनचा वारा यांची गाठ पडते. त्या क्षणाला घाबरून मी आंघोळीची गोळी घ्यायला शिकलो. आत जायचं, दोरी ओढायची, बादलीत हात घालून खळखळ वाजवायचं, केस ओले करायचे आणि मोठ्याने 'गंगे च यमुने चैव' म्हणायचं. आई बाहेर येऊन मानेवर नाक लावायची. परत आत.

अपवाद नरकचतुर्दशीचा. सूर्योदयाच्या आत आंघोळ झाली नाही तर नरकात जाल ही धमकी तिथे लटकी पडायची, कारण सूर्यच साडेसातच्या सुमाराला उठायचा, आणि उठून काही विशेष करायचा असंही नाही. तेल लावून टबात उभं राहणं ही मात्र सर्कस होती. एका वर्षी उटण्याने टबाची मोरी तुंबली. प्लंबरने पाइप उघडला, हुंगला, आणि बाबांना बाजूला घेऊन काळजीच्या सुरात विचारलं की घरात सगळे बरे आहेत ना.

मग १९७६चा उन्हाळा आला. २३ जूनपासून सलग पंधरा दिवस इंग्लंडात कुठे ना कुठे पारा ३२ अंशांच्या वर होता. ही गोष्ट लोक आजही ज्या आवाजात सांगतात, तो ऐकून सोलापूरकराला हसू आवरत नाही. पण पाऊस खरंच गायब होता. कुरणं वाळली, लेडीबर्ड किड्यांचे थवे आले, आणि ऑगस्टमध्ये आमच्या भागात रस्त्यावर सार्वजनिक नळ बसले. बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या. आईने १९७२चा दुष्काळ पाहिलेला. तिला एकच गोष्ट पचेना: नळावर रांग आहे आणि भांडण नाही. "अहो, ह्यांना दुष्काळसुद्धा धड करता येत नाही," ती बाबांना म्हणाली.

टबात पाचच इंच पाणी घ्या, असा उपदेश सुरू झाला. युद्धात हाच नियम राजाने राजवाड्यातही पाळला होता म्हणे. सरकारने क्रीडा खात्याचे मंत्री डेनिस हॉवेल यांना दुष्काळाचे मंत्री केलं, आणि थोड्याच दिवसांत धो धो पाऊस लागला. आपल्याकडे ७२ साली हे कुणाला सुचलं नाही याची आईला हळहळ वाटली.

पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या घरी माणशी एका बादलीत आंघोळ होते ही बातमी गावभर गेली होती. जाम करणाऱ्या महिला मंडळाने आईला बोलावलं. हॉलमध्ये, अंगावर साडी, त्यावर कार्डिगन, हातात रिकामा तांब्या, अशा थाटात आईने कोरडी आंघोळ करून दाखवली. टाळ्या पडल्या. आयुष्यात प्रथमच माझी आंघोळ ही टवाळीची गोष्ट राहिली नव्हती.

त्याच सुमारास व्हिकरच्या, म्हणजे गावच्या पाद्र्यांच्या, बाई आमच्याकडे चहाला आल्या आणि मध्येच वर जाऊन आल्या. आमच्या घरात तांबे दोन होते. आंघोळीचा तांब्याचा, न्हाणीघरात. दुसरा पितळी, पोचा पडलेला, आजीच्या घरून आलेला, आणि तो शेजारच्या छोट्या खोलीत असे. तिथे कागदाने भागवणं आईला कधी मान्य झालं नाही. या दोघांमध्ये आई जे सोवळंओवळं पाळायची त्यापुढे व्हॅटिकन ढिलं. व्हिकरबाई जिना उतरल्या त्या दुसरा तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून. किती सुंदर फुलदाणी! सुगीच्या सणाला चर्चमध्ये ठेवायला द्याल का?

आईचं इंग्रजी चहापुरतं पुरेसं होतं, यासाठी नव्हतं. बाबांनी एकदम वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते हलत होतं. आई "येस, येस" म्हणाली.

सुगीच्या रविवारी डॉक्टरांचं कुटुंब म्हणून आम्ही पहिल्या बाकावर. समोर सफरचंदं, भोपळे, गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव, आणि वेदीच्या उजव्या हाताला घासूनपुसून लखलखणारं आजीचं टमरेल, डेलियाच्या फुलांनी भरलेलं. व्हिकरांनी प्रवचनात त्याचा उल्लेख केला. सातासमुद्रापलीकडून आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या वापरातलं पात्र, असं ते म्हणाले. प्रत्येक शब्द खरा होता. आईने पदर तोंडाला लावला. मागच्या बाकावरच्या बाईंना वाटलं तिला भरून आलं, आणि त्यांनी पुढे वाकून तिच्या खांद्यावर थोपटलं.

तांब्या चर्चकडेच राहिला. देवाच्या वेदीवरून आणून तो पुन्हा त्या खोलीत ठेवायला आई तयार होईना, आणि त्या खोलीतून गेलेला स्वयंपाकघरात तर नाहीच नाही. बाबांनी बार्नस्टेपलच्या बाजारातून एक गुलाबी प्लॅस्टिकचा मग आणला. पुढच्या खेपेला व्हिकरबाईंची सायकल फाटकाशी दिसली तशी आई ओरडली, "अरे, वरचं आधी लपव!" आणि मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत धावलो.