एकटाच, पण पाच जण

पुरे झालं बाबा! इथे प्रतिक्रिया द्यायला पाच खोट्या नावांनी ये नाहीतर पन्नास, पण पाचही जण 'आणि'ला दीर्घच वेलांटी देतात, हे तुझ्या लक्षात कसं येत नाही? उद्गारचिन्हाआधी तीच मोकळी जागा, शेवटी तोच खवचट 'असो'. सकाळी दादा होऊन भांडण उकरायचं, दुपारी ताई होऊन त्याच दादाची पाठ थोपटायची आणि रात्री 'मी इथे नवीन आहे, पण...' म्हणत दोघांची री ओढायची. नवीन म्हणे! नवीन माणसाला माझं तीन वर्षांपूर्वीचं वाक्य तोंडपाठ?

ब्लॉक केलं की अर्ध्या तासात नवा ईमेल, नवा आयडी, व्हीपीएन (खरा ठावठिकाणा लपवणारी सोय) लावून इंटरनेटवरचा आयपी पत्ताही दुसराच. एवढी चिकाटी पोटापाण्याच्या कामात दाखवली असतीस तर? (आणि हो, फुलाचा फोटो लावला की कुणी सज्जन होत नाही.)

परवा तर कहर! लॉगिन बदलायला विसरलास आणि ताईनेच ताईला लिहिलं, 'ताई, अगदी माझ्या मनातलं बोललात !' दोन मिनिटांत पुसलंस म्हणा. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, ताई.