बीएस६ पिकअपवाला तो मेसेज: एकेक मुद्दा घेऊन बोलू

सध्या पिकअपवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मार्केट यार्डातल्या भाड्याच्या ग्रुपवर तोच, एमआयडीसीच्या ग्रुपवर तोच. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: बीएस६ (धुराच्या नव्या सरकारी नियमाची) डिझेल पिकअप घेऊ नका, त्याच्या आधीच्या नियमाची जुनी बीएस४ शोधा कारण तिला सेन्सर नसतात. नव्या गाडीला बाहेरचा मिस्त्री हात लावू शकत नाही. घेतलीच तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी पकडणारी जाळी, काढून टाका, अमेरिकेत पण काढतात. एडब्लूच्या (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या युरियाच्या पाण्याच्या) जागी शेतातला युरिया पाण्यात कालवला तरी चालतो. ज्या गाडीचे सीसी जास्त ती जास्त टिकते. साठ गोण्या कांदा ओढते तीच खरी मजबूत. ऑइल कुठलंही टाका पण पाच हजारला बदला. आणि जुनी घेतली की दहा वर्षं बिनघोर. शेवटी "शोरूमवाले हे सांगणार नाहीत" आणि हात जोडलेले.

मी मिस्त्री, दिवसभर याच गाड्यांखाली असतो म्हणून लिहितोय. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, एका ठिकाणी तर बरोबर दुखण्यावर बोट ठेवलंय, पण इलाज जो सांगितलाय तो रोगापेक्षा भयंकर आहे.

पहिलं ते सेन्सरचं. बीएस४ ला सेन्सर नसतात हे कुणी सांगितलं राव? बीएस४ बोलेरो पिकअपला कॉमन रेल (सगळ्या नोझलना जोरात डिझेल देणारी एकच नळी) आहे, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आहे, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आहे, रेल प्रेशरचा सेन्सर आहे. लोकांच्या डोक्यात जी "बिनसेन्सरची" गाडी बसलीय ती त्याच्याही आधीची, मेकॅनिकल पंपवाली, जुन्या टाटा २०७ डीआयच्या जमान्यातली. आपलं सोलापूर तर २०१० सालीच पुण्या-मुंबईच्या जोडीनं बीएस४ लागू झालेल्या शहरांच्या यादीत होतं, मग २०१७ च्या एप्रिलपासून ते सगळ्या देशाला लागू झालं आणि १ एप्रिल २०२० ला बीएस६ आलं. बीएस६ नं वाढवलं काय तर धुराची साफसफाई, म्हणजे डीपीएफ, त्याचे तापमानाचे आणि प्रेशरचे सेन्सर, काही मॉडेलात एडब्लूची टाकी. वायरिंग वाढलं हे मान्य. पण पंप, नोझल, ईसीएम ही महागडी कामं बीएस४ मध्ये पण तीच आहेत, त्यामुळं सेन्सरला घाबरून बीएस४ घेणारा माणूस आगीतून फुफाट्यात चाललाय, वर गाडी पण जुनी.

बाहेरचा मिस्त्री हात लावू शकत नाही म्हणे. अहो, ज्याच्याकडं स्कॅनर, म्हणजे ईसीएममधला बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र, नाही तो नाही लावू शकत, एवढंच. मागं मंगळवेढ्याकडची एक पिकअप आली, मालक म्हणाले चढाला ओढंना झालीय, चेक लाईट लागलीय, गावात एकानं सांगितलं हायप्रेशर पंप गेला. स्कॅनर लावला तर पी००८७, म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी. आता हा कोड पंपाचा असू शकतो, नोझल गळतीचा असू शकतो, आणि साध्या चोक झालेल्या डिझेल फिल्टरचा पण असू शकतो, कोड आला म्हणजे पार्ट बदला असं नसतं. डिझेल फिल्टरखालचा ड्रेन सोडून पारदर्शक बाटलीत घेतलं, पाच मिनिटं ठेवली बाटली, खाली दोन बोटं पाणी, मध्ये तांबूस गाळ आणि वर डिझेल. मालक शेतातल्या ड्रममधून कॅननं डिझेल भरत होते. फिल्टर बदलला, टाकी धुतली, लाईनची हवा काढली, गाडी नीट होऊन गेली. पंप उघडायची गरजच पडली नाही. कॉमन रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं, नोझलच्या आतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, तिथं पाण्याचा थेंब आणि ड्रमातला गंज काय करणार तुम्हीच सांगा.

हां, स्वस्तातला ब्लूटूथवाला स्कॅनर कोड दाखवतो, पण नवं नोझल घातल्यावर त्याचा कोड ईसीएमला फीड करणं किंवा डीपीएफचं फोर्स रिजनरेशन (साठलेली काजळी मुद्दाम जाळणं) करणं त्याच्यानं होत नाही. त्यासाठी चांगला स्कॅनर लागतो नाहीतर कंपनीत जावं लागतं. म्हणून गाडी घ्यायच्या आधी आपल्या मिस्त्रीला सरळ विचारा, मालक तुमच्याकडं या मॉडेलचा स्कॅनर आहे का.

आता डीपीएफ, जिथं मेसेजवाल्याचं निम्मं बरोबर आहे. डीपीएफ म्हणजे सायलेन्सर लाईनमधली बारीक जाळी, ती काजळी पकडते आणि साधारण ६०० डिग्रीच्या आसपास ती काजळी जाळून टाकते. गाडी भरून हैदराबाद हायवेला किंवा विजयपूर रोडला एका चालीनं पळत असली की हे काम आपोआप होत राहतं, ड्रायव्हरला कळत पण नाही. पण जी पिकअप दिवसभर मार्केट यार्ड ते होटगी रोड ते अक्कलकोट रोड एमआयडीसी अशी दोन-तीन किलोमीटरच्या खेपा मारते, माल उतरेपर्यंत इंजिन चालूच, एसी नसला तरी मोबाईल चार्ज करायला चालूच, तिची जाळी तापतच नाही. गाडी मग स्वतः जास्तीचं डिझेल सोडून तापवायला बघते, तेवढ्यात ड्रायव्हर चावी काढतो. असं रोज झालं की काजळी साठते आणि न जळालेलं डिझेल खाली चेंबरमध्ये ऑइलात उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते ऑइल पातळ झालंय, बेअरिंग त्याच्यावरच चाललेत.

तर ज्याचं काम फक्त शहरातल्या शहरात आहे त्यानं बीएस६ डिझेल घेऊ नये हे मी पण सांगतो. पण त्यावर उत्तर सीएनजी किंवा इलेक्ट्रिक छोटी गाडी, जुनी डिझेल शोधत बसू नका. आणि डीपीएफ काढणं तर अजिबात नाही. आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवतात आणि ईसीएममध्ये खोटा मॅप, म्हणजे जाळी जागेवर आहे असं भासवणारा प्रोग्राम, टाकतात, महिनाभर गाडी उडते, मालक ग्रुपवर व्हिडिओ टाकतो. पण जाळी भरली कशानं ते कुणी बघितलं? नोझल गळत असेल, टर्बो ऑइल टाकत असेल, ईजीआर अडकला असेल, नाहीतर प्रेशर सेन्सरची रबरी नळी तडकलेली असेल. ती नळी बघायला काही लागत नाही, हातानं वाकवून बघितली की चीर दिसते. रोग तसाच राहिला आणि बोंब मारणारा तेवढा काढून टाकला. वॉरंटी गेली ती वेगळी, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असा बदल करता येत नाही, १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिलीय.

अमेरिकेचा दाखला तर हसण्यासारखा आहे. तिकडच्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये सगळ्यात बदनाम इंजिन कुठलं, तर फोर्डचं ६.० लिटर पॉवरस्ट्रोक, २००३ ते २००७ मधलं, हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलरसाठी. त्या इंजिनाला डीपीएफ नव्हताच! पुढं २०११ पासून फोर्डच्या ६.७ मध्ये आणि जीएमच्या ड्युरामॅक्समध्ये बॉशचा सीपी४ हा हायप्रेशर डिझेल पंप आला, तो फुटला की लोखंडाचा चुरा सगळ्या फ्युएल लाईनमध्ये जाऊन नोझलपर्यंत खर्च. रॅम या तिकडच्याच पिकअप कंपनीनं तोच पंप २०१९ ला आपल्या कमिन्स इंजिनाला लावला आणि २०२१ ला परत जुन्या सीपी३ वर आले, आधीच्या गाड्या रिकॉल केल्या. म्हणजे तिकडं लोकांचं कंबरडं मोडलं ते डिझेल पंपानं. आणि धुराशी खेळ केल्याबद्दल रॅम पिकअपच्या इंजिनांवरून ती इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सनं १६७.५ कोटी डॉलर दंड कबूल केला, २०२३ च्या शेवटी. दाखला द्यायचा तर पूर्ण द्या की.

युरियाचं वाचून मात्र डोकंच सटकलं. एडब्लू म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. आपल्याकडं शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुलिंबाच्या तेलाचं कोटिंग सक्तीचं आहे, ते तेल आणि बोअरच्या पाण्यातले क्षार जाऊन बसतात एडब्लूच्या नोझलमध्ये आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टवर. पांढरा थर धरतो, खरवडून निघत नाही. मग गाडी पॉवर कापते आणि अख्खं युनिट बदला म्हणून सांगतात. शिवाय सबसिडीचा युरिया शेतीशिवाय दुसरीकडं वापरणं गुन्हा आहे. तुमच्या गाडीला एडब्लूची टाकी आहे की नाही हे तरी आधी बघा, सगळ्या पिकअपला नसते.

सीसीचं बघू. मेसेजवाल्याचं म्हणणं बोलेरो पिकअप २५२३ सीसीची आणि पॉवर ७५-८० एचपी, टाटा योद्धाचं इंजिन २.२ लिटरचं आणि पॉवर १०० एचपी, म्हणून योद्धा लवकर बसणार. ऐकायला पटतं. पण दोन टन भरून तुळजापूरचा घाट चढताना कमी पॉवरच्या गाडीचा पाय पूर्ण दाबलेला असतो, मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत, आणि जास्त पॉवरवालीला थोडा दम शिल्लक असतो. कुठल्या इंजिनाला जास्त ताण ते सीसीच्या आकड्यावरून ठरत नाही. माझ्याकडं पाणी उकळून आलेल्या गाड्यांमध्ये दोन्ही असतात आणि कारण बहुतेक वेळा एकच, कूलंटच्या जागी नळाचं पाणी आणि रेडिएटरच्या जाळीत ज्वारीचा भुसा.

कंपनी-कंपनीतला खरा फरक विचाराल तर तो पार्टमध्ये आणि माणसात आहे. बोलेरोचा क्लच, पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), क्रॉस, हब बेअरिंग बार्शी-पंढरपूर-अक्कलकोट कुठंही मिळेल आणि कुठलाही मिस्त्री डोळे झाकून बसवेल, हा तिचा मोठा फायदा, रात्री अकराला टेंभुर्णीला गाडी उभी राहिली तर कळतो. योद्धा चढाला बरी, २०२२ ला दोन टनाचं मॉडेल पण त्यांनीच आधी आणलं, पण इंजिनचे पार्ट घ्यायचे तर डीलरकडं विचारून ठेवा. आयसुझू डी-मॅक्सच्या इंजिनाबद्दल मला आदर आहे, मात्र तुमच्या रोजच्या रूटवर तिचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते बघूनच बुकिंग करा. अशोक लेलँडची दोस्त वेगळ्या वजनाची गाडी आहे, दीड लिटर तीन सिलेंडर, तिची तुलना इथं नको.

साठ गोण्या. पन्नास किलोची गोणी धरली तर तीन टन झाले हो! दोन टनाच्या गाडीत एक टन जादा. ओढते, नाही कोण म्हणतं, इंजिन ओढतंच. मोडतात ते पाटे, यू-बोल्ट ढिले होतात, हबचं ग्रीस वितळून ब्रेक लायनरवर येतं आणि मग उतारावर ब्रेक लागत नाही. गाडी दाबून पळवली की काजळी पण जास्त, म्हणजे ज्या डीपीएफला शिव्या देताय तो भरतोय पण तुमच्यामुळंच. २०१९ पासून ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एका खेपेचं भाडं किती मिळतं ते तुम्हाला माहितीय.

ऑइल पाच हजारला बदला, माझी हरकत नाही, धुळीत आणि लोडवर चालणाऱ्या गाडीला लवकर बदललेलं बरंच. पण "कुठलंही" हा शब्द काढा. डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, सीके-४ वगैरे ग्रेडचं, मॅन्युअलात लिहिलेलं असतं. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीत कायमची राहते. जुन्या स्टॉकमधलं सीआय-४ हे आधीच्या ग्रेडचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून ओतलं तर शंभर-दोनशे रुपये वाचवून जाळीचं आयुष्य कमी केलं.

आणि दहा वर्षं बिनघोर. सगळ्यात नवी बीएस४ गाडी पण मार्च २०२० पर्यंतचीच आहे. कमर्शियल गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्याच्यापुढं दरवर्षी, म्हणजे २०१८ ची गाडी आज स्वस्तात मिळतेय ती का मिळतेय विचार करा. तरी घ्यायचीच असेल तर सकाळी इंजिन थंड असताना जावा, मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून बघा वाफेचा जोर किती येतो, स्कॅनर लावून नुसते कोड बघू नका, कोड आधीच पुसलेले असतात, रेल प्रेशर आणि नोझल करेक्शन (ईसीएम कुठल्या नोझलला किती कमीजास्त डिझेल देतोय ते) बघा. मग हौद्याखाली वाकून चेसीवर पाटे बसतात तिथं वेल्डिंगची पट्टी मारलीय का ते बघा. पट्टी असेल तर ती गाडी साठ गोण्यावाल्याची आहे.