गाळे आधी, इमारत मागाहून

रस्त्याला लागून प्लॉट आहे आणि त्यावर व्यापारी संकुल उठवायचं मनात आहे? उत्तम! लहान शहरात संकुलं कितीही झाली तरी एक कमीच पडतं. पथ्य एकच पाळा: आर्किटेक्टला फार बोलू देऊ नका. ऊन कुठून येतं, वारा कुठून जातो, असलं काही त्याने काढलं की विषय बदला आणि नकाशावर सही तेवढी घ्या.

आधी गाळे मोजा. एका मजल्यावर किती बसतात ते ठरलं, की उरल्या जागेत जिना, स्वच्छतागृह आणि माणसं कोंबायची. जिन्याचा तर लोकांनी उगाच बाऊ केलाय. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ब्लाँडेल नावाच्या गृहस्थाने हिशेब मांडला, की पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी ही माणसाच्या एका पावलाएवढी हवी, म्हणजे साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर. कशाला इतकं? पायऱ्या चढवत न्या आणि वर स्लॅबशी गणित चुकलं, की शेवटची पायरी चार बोटं उंच करून मोकळे व्हा. अशा एका पायरीपाशी मी बराच वेळ उभा होतो. येणारा प्रत्येक जण तिथेच ठेचकाळायचा, वळून पायरीकडे रागाने बघायचा आणि स्वतःचीच चूक झाल्यासारखा पुढे जायचा. कठड्याचा रंग बाकी सगळा शाबूत. त्या वीतभर जागेत मात्र हात घासून घासून लोखंड चकाकत होतं. त्या इमारतीत मन लावून पॉलिश केलेलं तेवढंच.

रॅम्पही दाखवावा लागतो. एक फूट चढायला बारा फूट लांबी द्या म्हणतात, पण तेवढ्यात अख्खा गाळा जातो! चार फुटांत उरका. चाकाची खुर्ची चढणार नाही, पण मोटारसायकल चढेल आणि तिथेच लागेलही.

हात सैल सोडायचा तो दर्शनी बाजूला. उरलेल्या तीन बाजूंना गिलावा नसला तरी त्या बघतं कोण? समोर आरशासारखी निळी काच ठोका, शक्यतो पश्चिमेला. ऊन काचेतून आत येतं, आतलं सामान तापतं आणि ती धग तितक्या सहजी बाहेर पडत नाही. नर्सरीवाले याच युक्तीने रोपं वाढवतात, तुम्ही भाडेकरू वाढवा. दुपारी तीनला घामाघूम झाले, की ते काचेला आतून फ्लेक्स चिकटवतील, मग अंधार पडला म्हणून दिवे लावतील, मग एसी बसवतील. एसीची बाहेरची यंत्रं कुठे लावायची याचा विचार तुम्ही करू नका. ती आपली आपण जिन्याच्या खिडकीपाशी जमतात.

काच झेपत नसेल तर एसीपी लावा. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मधे गाभा. स्वस्तातला हवा असेल तर गाभा पॉलिइथिलीनचा, म्हणजे चक्क प्लॅस्टिकचा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरवर २०१७ साली असल्याच पॅनेलांतून आग वर चढत गेली आणि ७२ माणसं गेली. पण तो होता २४ मजल्यांचा, तुमचे तर चारच. तुम्ही आपला रंग निवडा.

छज्जे नकोतच, जुनाट दिसतात. छज्ज्याच्या खालच्या अंगाला पूर्वी बोटभर खाच ठेवत, पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच ठिबकून जावं म्हणून. आता पाणी थेट भिंतीवरून उतरू दे. भेगांतून ते सळईपर्यंत पोचेल, सळई गंजेल आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्याने काँक्रीट आतून फुटेल. पोपडे दिसायला लागले, की त्यावर आणखी मोठा बोर्ड लावायचा.

काचेला मात्र नावं ठेवू नका. जाणारी येणारी पोरं तिच्यासमोर थांबतात, मान तिरकी करून केस सारखे करतात आणि खूश होऊन पुढे जातात. आतल्यांना फ्लेक्समुळे ती दिसत नाहीत.