ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

दुपारी बँकेत गेले होते. पुढे एक पस्तिशीची बाई, सोबत नवरा. लाडक्या बहिणीचे १५०० काढायला आलेले. पासबुक तिचं, पण नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "ताई, खात्याला मोबाईल नंबर कुठला?" तिने तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःचा नंबर सांगितला. वर म्हणाला, "हिला काय कळतंय त्यातलं." रांगेतले दोघं-तिघं हसले. तीही हसली. ते हसणं माझ्या ओळखीचं आहे. सात वर्षं मी तशीच हसत होते.

मी तेव्हाही शाळेत शिकवायचे. पगार माझ्या खात्यात, एटीएम कार्ड माझ्या नवऱ्याकडे. माझ्याकडे एक २०० पानी वही. रोज रात्री जेवणं आटोपली की ती त्याच्यापुढे ठेवायची. मेथी १५, रिक्षा ३०, पॅड ४२. त्या ४२ भोवती त्याने एकदा लाल पेनाने गोल केला आणि विचारलं, "एवढे लागतात?" आवाज न चढवता. अगदी शांतपणे.

आई म्हणायची, मारत नाही, पीत नाही, हिशेबाला चोख आहे, अजून काय हवं? मलाही ती काळजीच वाटायची. पण पोळ्या लाटताना मी पैसे मागायचं वाक्य मनात घोळवत बसायचे. आधी काय बोलू, चहा झाल्यावर विचारू की आधी. स्वतःच्या पगारातले तीनशे रुपये मागायला तालीम करावी लागते, तिला काटकसर म्हणत नाहीत, बायांनो!

हो, काही घरांत एकच जण पैशाचं बघतो आणि दोघंही सुखात असतात. पुरुषांच्या वाट्यालाही हे येतं, तेही मान्य. पण "आमच्या ह्यांनाच सगळं कळतं" असं कौतुकाने सांगणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, खात्यात आज किती आहेत हे न विचारता बघता येतं का तुम्हाला?

माझ्या पगाराच्या स्लिपवर त्याने धंद्यासाठी कर्ज काढलं. सही माझी, पैसे त्याचे. वेगळी झाल्यावरही अडीच वर्षं हप्ते मीच भरले. हे लिहितानासुद्धा हात थरथरतोय.

संरक्षण अधिकारी बाईंकडे, म्हणजे घरातल्या छळाच्या तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या बाईंकडे, पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, मारहाण नाही हो, नुसतं पैशाचं आहे. त्या म्हणाल्या, नुसतं कसं? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ लिहिलेलाच आहे. बाईची कमाई काढून घेणं, घरखर्चाला न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, सगळं त्यात येतं. लॉकरला आणि खात्याला हात लावायचा नाही असा आदेश कोर्ट देऊ शकतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. मी पिशवीतून वही काढून दाखवली. त्यांनी लाल गोल पाहिला, वही मिटली आणि म्हणाल्या, "ही जपून ठेवा. हा पुरावा आहे."

त्याच आठवड्यात नवं सिम घेतलं, दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, शाळेत अर्ज देऊन पगार तिकडे वळवला. पहिला ओटीपी माझ्या मोबाईलवर आला तेव्हा तो आकडा मी कितीतरी वेळ बघत बसले होते. सवय मात्र अजून जात नाही. मागच्या आठवड्यात साडेचारशेची चप्पल घेतली आणि घरी येईपर्यंत बिल मुठीत धरून होते. दाखवायचं कुणाला?

आणि एवढं सगळं सोसलेली मी आज त्या बाईशी एक शब्द बोलले नाही. ती बाहेर पडली, तो पुढे, ती मागे. याचाच राग जास्त आलाय.

१८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि कुणाला खातं उघडायला किंवा नंबर बदलायला सोबत हवी असेल तर इनबॉक्समध्ये या, कारण विचारणार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी बँका चालू असतात आणि मला शाळेनंतर वेळ असतो. आधार आणि पॅन तेवढं तुमच्या स्वतःच्या पर्समध्ये असू द्या.