बोटं राखून बोला

भाच्यानं पुण्याहून मनगटी घड्याळ पाठवलं आणि फोनवर बजावलं, "मामा, स्क्रीनला हातच लावायचा नाही. अंगठा आणि तर्जनी दोनदा टेकवा, फोन घेतला जातो. नको असेल तर मनगट झटका."

म्हणजे मामाची बोटं रिकामीच असतात, असा त्याचा समज.

अहो, सांगलीची बोटं ही! आमचे आजोबा हळदीच्या पेठेत होते. तेव्हा सौदा रुमालाखाली व्हायचा. आत बोटं दाबून भाव ठरायचा आणि ज्याची हळद, त्या शेतकऱ्याला पत्ता नसायचा. आता लिलाव उघड्यावर होतात, पण बोटांनी बोलायची खोड घराण्यात राहिलीच. चहात साखर एवढीशीच, हे मी चिमटीनं सांगतो. आमटी फक्कड झाली, हेही चिमटीनंच. २०२३ पासून गाजलेली ही घड्याळाची युक्ती नेमकी त्याच चिमटीवर चालते. हालचाल टिपणारे सेन्सर आणि खालचा नाडी बघणारा दिवा मिळून बोटं टेकल्यावर मनगटातल्या रक्तप्रवाहात पडणारा बारीक फरकसुद्धा ओळखतात. एवढं कळतं, पण चिमूट साखरेची की फोनची, ते काही कळत नाही.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला गाणं असतं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, इथंच त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ गायक दरवर्षी हजेरी लावतात. ऐकणारेही तयारीचे. विलंबित एकताल चाललेला, मी डोळे मिटून अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतोय. बारावी मात्रा गेली, समेवर आलो, आणि माझ्या मनगटातून खालच्या मजल्यावरचे अण्णा ओरडले, "तुमची टाकी वाहतीय वो!"

मी मनगट झटकलं. पुन्हा झटकलं. झटक्यानं येणारा फोन गप्प होतो, घेतलेला नाही, हे ज्ञान तिथं झालं. शेजारच्या बुजुर्गांना वाटलं, गडी दाद देतोय. त्यांनीही हात उडवून "क्या बात है!" केलं. गायकानं आमच्याकडे बघून तीच जागा पुन्हा घेतली. अण्णा म्हणाले, "कोण रडतंय तिथं?"

गणपतीत वेगळाच प्रकार. आरतीला जागेवर उभं राहून टाळ्या वाजवल्या, की घड्याळ त्या पावलांत धरतं. सुखकर्तापासून घालीन लोटांगणपर्यंत मी माधवनगर गाठून येतो. याबद्दल मात्र तक्रार नाही.

भाचा आता कानातलं यंत्र पाठवतो म्हणतोय. मान उभी हलवली की फोन घ्यायचा, आडवी हलवली की नाकारायचा. आमच्याकडे मुलीच्या लग्नाला होकार देतानासुद्धा मान तिरकी हलते, त्याचं ते यंत्र काय करणार?

परवा मेंढीकोट रंगला होता. हातात हुकमाचा दस्सा. तो मी असा काही आपटला, की सतरंजीखालची फरशी वाजली. लगेच मनगटाला झटके बसायला लागले. जोरात पडलात असं दिसतंय, ठीक आहात ना, अशी विचारपूस. उत्तर दिलं नाही आणि मिनिटभर निपचित राहिलात, तर हे घड्याळ आपणहून ११२ लावतं.

शेजारच्या विरोधी गड्यानं त्यावर शांतपणे हुकमाची राणी ठेवली, दस्सा ओढून घेतला आणि माझ्या मनगटाशी तोंड नेऊन म्हणाला, "पडलेत. पण ॲम्ब्युलन्स नको, मेंढी गेलीय फक्त."