"काहीच न करता १८०० रुपये घेतले" या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. सकाळी १० ला बोलावून ३ ला सोडलं, पोरगा हसला, स्कोडा लॉरा आरएसचं आरपीएम लिमिट (इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे घेईल ती हद्द) वाढवून ७५०० करा म्हटलं तर लेक्चर दिलं, आणि "काहीच न करता १८०० रुपये घेतले, घाबरट गॅरेज" असं तुम्ही लिहिलंय. ताटकळावं लागलं त्याबद्दल माफी मागतो. पोराला बोललोय. तो म्हणतो मी मोबाइलमधल्या रीलवर हसत होतो. असेल, पण गिऱ्हाईक समोर असताना रील बघायचीच नसते.

"घाबरट" सोडून देतो. "काहीच न करता" हे मात्र सोडवत नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

वेळ १० ची होती, गाडी आत आली ११:२० ला. बीडचा रस्ता मला माहीत आहे, पाचोडला चहाला थांबलं की उशीर होतोच, त्याची तक्रार नाही. पण तो सव्वा तास माझ्या नावावर लावू नका. आल्या आल्या तुम्ही "बघा कुठं कट होते" म्हणून न्यूट्रलमध्ये तीन वेळा गाडी लिमिटरवर, म्हणजे ती हद्द आली की इंजिन रोखतो त्यावर, बडवलीत. शेजारच्या दवाखान्यातला माणूस बाहेर येऊन बघून गेला. तेव्हाही मी काही बोललो नाही. स्कॅनर लावला तर पी०२१९ हा कोड निघाला. त्याचा अर्थ इंजिन हद्दीबाहेर फिरलं. मी विचारलं, कसं काय? तुम्हीच म्हणालात, गेवराईच्या पुढं ओव्हरटेक करताना तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला. हे इथं चारचौघांत लिहायचं नव्हतं, पण रिव्ह्यूत त्याचा एक शब्द नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय.

लिमिटर पेट्रोल तोडतो, चाकं थांबवत नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून वर गेलात तर तो तुम्हाला अडवील. पण चुकून खालचा गिअर पडला की चाकंच इंजिनाला ओढून फिरवतात, तिथं ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) काही चालत नाही. ढोबळमानाने तिसऱ्याच्या दीडपट दुसरा धरा, म्हणजे ६००० ला चुकलात तर इंजिन क्षणभर ९००० च्या आसपास. एवढ्या वेगात स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेवर मिटवता येत नाही, तो त्याला उघडणाऱ्या कॅमच्या मागं राहतो आणि खालून पिस्टन येऊन धडकतो. काउंटरवरच्या स्टीलच्या डब्यातले चार व्हॉल्व्ह तुम्ही हातात घेऊन बघितलेत ना? ते कन्नडच्या घाटात असाच गिअर चुकलेल्या एका हॅचबॅकचे आहेत. दांडा किती वाकलाय ते बोट फिरवल्याशिवाय कळत नाही, तेवढ्याने हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागलं.

तो कोड दिसल्यावर तुमच्या इंजिनाला काही झालं नाही ना हे बघितल्याशिवाय मी लिमिटला हात लावणार नव्हतो. कॉम्प्रेशन (सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते) बघायचं तर प्लग काढायचे. हेड ॲल्युमिनियमचं, दोन तास पळून आलेलं आणि वर लिमिटरवर तापवलेलं. तापलेल्या हेडमधून प्लग ओढला तर आटे निघून येतात, आणि मग तुम्ही रास्तच मला शिव्या घातल्या असत्या. म्हणून बॉनेट उघडं ठेवून थंड होऊ दिलं. तुम्ही तेवढ्यात नान-खलिया खाऊन आलात, दीड तासाने. (आवडला असेल तर आनंद आहे, जागा मीच सांगितली होती.) चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं निघालं तेव्हा तुमच्यापेक्षा मला हायसं वाटलं.

आणि ऑइल. गेज पुसून दोनदा बघितला, तेल खालच्या खुणेच्याही खाली. त्या तेलावर तुम्ही बीडहून आलात आणि वर ७५०० मागत होतात. संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेल कमी असलं की जोरात वळताना, ब्रेक मारताना पंप हवा ओढतो, आणि बेअरिंगला तेलाची जी बारीक चादर लागते ती तुटते. अर्धा लिटरच्या वर ऑइल टाकलं, त्याच ग्रेडचं. बिल काढून बघा, ते लावलेलं नाही.

आता तुमचा मुद्दा, होंडाची एस-२००० ही स्पोर्ट्स कार ९००० ला जाते तर आपली गाडी ७५०० ला का नाही. प्रश्न ऐकून खरं सांगतो बरं वाटलं, असं वाचून आलेलं गिऱ्हाईक रोज येत नाही. तिचा स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ८४ मिलिमीटर, तुमच्या १.८ टीएसआय इंजिनाचा ८४.१. म्हणजे नुसता पिस्टनचा वेग बघितला तर तुमचं म्हणणं बरोबर. पण ते इंजिन पहिल्या रेघेपासून ९००० साठीच काढलेलं, रॉड-पिस्टन फोर्ज केलेले (दाबून घडवलेले), टर्बो नाही. आणि त्याच होंडाने २००४ ला अमेरिकेच्या गाडीत स्ट्रोक ९०.७ केला तेव्हा लाल पट्टा (आरपीएमची हद्द) ८००० वर उतरवला. पावणेसात मिलिमीटरसाठी! पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा खाली येतो, तिथं रॉडला जो हिसका बसतो तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० चे ७५०० केले की आरपीएम १५ टक्के वाढतो, हिसका ३३ टक्के. रॉड, बोल्ट, स्प्रिंग सगळं कंपनीचंच, मग हे जास्तीचे ३३ टक्के कोण सोसणार?

बरं, सोसून मिळणार काय? तुमच्या इंजिनाची १६० पीएस ताकद ४५०० ते ६२०० पर्यंत सपाट राहते, नंतर उतरते. टर्बो छोटा आहे, वर त्याचा दम संपतो. शेंद्र्याच्या पुढं दुसऱ्या गिअरमध्ये तुम्ही चालवताना मी लॉग (चालत्या इंजिनाची नोंद) घेतला, त्यात ६००० नंतर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) खाली येताना तुम्ही स्वतः लॅपटॉपवर बघितलं. ७५०० पर्यंत आवाज वाढला असता, गाडी पुढं गेली नसती. लॅपटॉपवर तो आकडा बदलायला मला दहा मिनिटं लागतात आणि त्याचे लोक १८०० च्या कितीतरी पट देतात. मी घेतले असते तर तुम्ही पाच स्टार दिले असते, हेही मला कळतं.

एक चूक मात्र माझी. फोनवर मी "या, बघून सांगतो" म्हणालो, तपासणीचे पैसे लागतील हे बोललो नाही. तुम्हाला ते फुकट वाटलं असेल तर तुमचं चुकलं नाही. इथून पुढं आधी सांगू, रेटचा बोर्डही लावायचा आहे, आणि वेळेचंही काहीतरी बसवतो. दोन पोरं आणि लिफ्टचा हप्ता याच शटरच्या आत चालतो सर, आणि नवीन गिऱ्हाईक फोन करायच्या आधी हे स्टार बघतं.

ही गाडी आपल्या शेंद्र्यातच जोडलेली, आता अशा फार राहिल्या नाहीत. तुमची बॉडी अजून कोरी आहे, दाराच्या रबराला सुद्धा चीर नाही. म्हणून जीव लागतो, म्हणून जास्त बोललो असेन.

स्टार एकच ठेवायचा तर ठेवा. "काहीच न करता" हे शब्द तेवढे काढा.

आणि रविवारी सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर, ऑइलचा गेज बघून मला फोटो पाठवा. पुन्हा खाली गेलं असेल तर तेल नक्की कुठं जातंय ते बघू. त्याचे पैसे नाहीत, हे आधीच लिहून ठेवतो.

— गॅरेजमालक, छत्रपती संभाजीनगर